शेवटच्या वाक्याचा वर्ग

बाई, शनिवारी दुपारपर्यंत तुमचे शेवटचे वाक्य छापखान्यात पोहोचले पाहिजे, असा संपादक पाद्रीसाहेबांचा निरोप आहे. खिळे जुळवणाऱ्याने जागा मोकळी ठेवली आहे. तुमचे जन्मगाव, बाप्तिस्मा, शाळेतील नोकरी, मासिकाची सेवा हे सर्व ते स्वतः लिहिणार आहेत. माझ्याकडून त्यांना हवी आहे ती फक्त अखेरची घटका, कारण त्या वेळी खोलीत मी होते. "साराबाईंनी इतक्या जणांना इतकी सुंदर वाक्ये दिली," असे त्यांनी कळवले आहे, "त्यांचे स्वतःचे वाक्य त्याहून उणे दिसता कामा नये."

तुम्हाला जाऊन अजून आठवडा झालेला नाही. तुमच्या खोलीला मी कुलूप लावलेले नाही, कारण कुलूप लावणे हे कोणाचे काम, हे ठरलेले नाही. गावाकडून कोणी आले नाही. निरोप पोहोचला की नाही, तेही कळले नाही. दफनाच्या वेळी नातेवाइकांनी उभे राहायचे त्या जागी गवत होते आणि ऊन होते. मी शाळेच्या रांगेत, शिक्षिकांच्या मध्ये उभी होते. त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहण्याचा अधिकार मला आहे की नाही, याचा मी विचार करीत राहिले, आणि विचार पुरा होण्याआधी माती टाकून झाली.

आपल्या मासिकाचा वाचक ते कोठून उघडतो, हे तुम्हीच मला सांगितले होते. उपदेश पहिल्या पानावर असतो, पण बोट आधी जाते ते मागच्या पानांकडे, जिथे प्रभूमध्ये निजलेल्यांच्या हकिकती असतात. कोणत्या गावचा कोण गेला, कोणत्या दुखण्याने गेला, आणि जाताना काय म्हणाला. हा अखेरचा शब्द नसेल तर हकिकत अपुरी समजतात. लांबच्या खेड्यातून एखाद्या धर्मशिक्षकाचा मुलगा चार ओळी पाठवी: वडील तापाने गेले, मागे आम्ही भावंडे आहोत, कृपा करून छापावे. तुम्ही त्या ओळी घेऊन खिडकीत बसत असा, आणि संध्याकाळपर्यंत त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या तोंडी असे एखादे वाक्य येई की वाचणाऱ्याने मासिक मिटून क्षणभर मांडीवर ठेवावे. हे मला फार उशिरा कळले. लहानपणी मी समजत असे की ख्रिस्ती माणसे मरतानाच इतके चांगले बोलतात.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मिशनच्या आवारात ख्रिस्ती लेखकांची परिषद भरत असे. नगर, सातारा, मिरज, पुणे येथून मंडळी येत. स्टेशनावरून टांगे भरून येत, आणि पहिल्याच जेवणाला आपल्या रश्श्याने पाहुण्यांच्या डोळ्यांना पाणी येई. पुरुषांच्या बैठकीत मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या भवितव्यावर भाषणे होत. भवितव्याची काळजी पुरुषांनी घेतल्यामुळे बायकांना लिहायला फुरसत मिळते, असे तुम्ही म्हणत असा. तुमचा लेखनवर्ग मुलींच्या शाळेतील शेवटच्या खोलीत चाले. ख्रिस्ती लेखिकेने देवाला एका पानात एकदाच ‘प्रेमळ’ म्हणावे, हा तिथला पहिला नियम. "दुसऱ्यांदा म्हटलंत तर त्यालाच शंका येईल, ह्यांना माझ्याकडून काय पाहिजे," असे तुम्ही म्हणालात, आणि साताऱ्याच्या एका पाळकीणबाईंनी आपल्या कागदावरचे चार ‘प्रेमळ’ लगेच खोडले.

दुसरा नियम बाहेरच्या कोणालाही विचित्र वाटला असता. आपला लेख आपण वाचायचा नाही. तो दुसरीने वाचायचा, आणि लेखिकेने त्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायचे. स्वतः वाचले तर आवाजाने ठिगळ लावता येते, समोर बसले तर चेहऱ्याने लावता येते. भिंतीकडे तोंड केले की फक्त कान उरतात.

"आणि कानांनी काय ऐकायचं?" तुम्ही विचारले. "शब्द नाहीत ऐकायचे. शब्द तुमचेच आहेत, तुम्हाला पाठ आहेत. बांगड्या ऐकायच्या."

लक्ष लागलेले असते तोवर बाईचा हात स्थिर असतो. लक्ष सुटले की ती पदर सारखा करते, केस मागे घेते, आणि बांगडी वाजते. जिथे बांगडी वाजली तिथे लेख तुटला, ही तुमची कसोटी.

मी तेव्हा दरबारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला जाऊन रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच परतले होते. मुलींसाठी विज्ञानाचे मराठी पुस्तक लिहायचे, आणि ते असे लिहायचे की पुढे कोणाला दुसरे लिहिण्याची गरज पडू नये, असा माझा निश्चय होता. पाणी उकळून का प्यावे, यावरचा माझा लेख त्या वर्गात वाचला गेला. मी भिंतीकडे तोंड करून बसले. पहिल्या परिच्छेदात एक बांगडी वाजली. दुसऱ्यात अशा वाजू लागल्या की जणू कासार आला आहे.

"काय गं शास्त्रीणबाई," वाचन संपल्यावर तुम्ही विचारलेत, "काय ऐकलंस?"

"बांगडी डास चावला तरी वाजते, बाई. एका परिणामाला अनेक कारणे असू शकतात."

"मग डास चावला तरी हात हलू नये असं लिही की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण मला राग आला होता. तुम्ही माझा कागद हातात घेतलात. मग म्हणालात, "जंतू राहू दे. हा हंडा कुणाच्या डोक्यावर आहे, ते आधी सांग." मी म्हणाले, कोणाच्याही असेल, त्याने निष्कर्षात फरक पडत नाही. तुम्ही म्हणालात, "तुझ्या निष्कर्षात पडत नसंल. तिच्या मानेत पडतो." त्या रात्री मी लेख मोडला आणि पुन्हा बांधला. पंचगंगेवरून हंडा घेऊन येणारी एक बाई लिहिली. तिला माझे पाणी उकळणे म्हणजे आणखी एक ओझे होते, आधी लाकडाचे, मग वेळेचे. तिला पटेल असे कारण शोधता शोधता मला कळले की पदवी घेऊनही ते कारण मला कधी नीट मांडता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो लेख वाचला गेला तेव्हा खोलीत काहीही वाजले नाही. भिंतीचा चुना माझ्या नाकाजवळ होता. तितके सुख मला पदवीदानाच्या दिवशीही झाले नव्हते. हे मी तुम्हाला सांगायला हवे होते. मी सांगितले ते एवढेच, की दोन वाचनांतील श्रोते तेच असल्यामुळे तुलना ग्राह्य आहे.

पुढच्या वर्षीच्या परिषदेत तुम्ही स्मृतिलेखाचा वर्ग घेतलात. प्रत्येकीने आपल्या एका मृत माणसाविषयी लिहायचे होते. मी आईविषयी लिहिले.

आईविषयी मला आठवण अशी नाही. वडील त्याही आधी गेले होते. प्लेगाच्या साली गाव ओस पडून लोक माळावरच्या झोपड्यांत गेले. बोर्डिंगात दळणकांडण करणारी माझी आई आजाऱ्यांच्या निराळ्या छपरीत गेली आणि तेथून परतली नाही. तुम्ही त्या छपरीत सेवेला होतात. आईची हकिकत तुम्हीच मासिकात लिहिली होती, आणि अक्षरे जुळवता येऊ लागल्यावर मी जे पहिले छापील वाक्य स्वतः वाचले ते तिच्या तोंडचे होते: "प्रभू, माझी लेक तुझ्या ओंजळीत ठेवते. सांडू नकोस."

या वाक्याने माझे काय केले, ते मी मोजून सांगू शकत नाही, आणि मोजता न येणारे काही मी सहसा लिहीत नाही. बोर्डिंगात ताप आला तेव्हा ते होते. पुण्याला प्रयोगशाळेत मी एकटीच मुलगी होते. आम्लाची बाटली उचलताना मागून कोणी मुद्दाम खोकले, की मी मनात म्हणत असे, सांडू नकोस. देवाला म्हणत असे की हाताला, ते तेव्हा स्पष्ट नव्हते. पण बाटली कधी हलली नाही.

साताऱ्याच्या त्याच पाळकीणबाई माझा लेख वाचत होत्या. त्या वाक्यापाशी आल्या, आणि खोली इतकी शांत झाली की बाहेर चिंचेवरचा पक्षीसुद्धा ऐकू आला. मग तुम्ही बोललात. तुमचा आवाज प्रसन्न होता, कामात रमलेल्या माणसाचा असतो तसा.

"बघा, इथं ओंजळ आहे म्हणून वाक्य उभं राहिलं. आधी मी ‘हाती’ लिहिलं होतं. पण हातातलं सांडत नाही, ते पडतं. मग ‘पदरात’ करून पाहिलं. ‘ओंजळ’ सुचायला अख्खी दुपार गेली."

आणि तुम्ही थांबलात.

बाकीच्यांना काही खटकले नसावे. त्या लिहिणाऱ्या बायका होत्या, शब्द बदलून पाहणे हा त्यांचा रोजचा व्यवहार होता. एकीने तर ‘ओंजळ’ उतरूनही घेतली. तिच्या टाकाची कुरकुर मी ऐकली. मी भिंतीकडे पाहत होते. अशी चूक फक्त चांगल्या कारागिराच्या हातून होते. आपल्या हातची गोष्ट चांगली उतरलेली पाहून तो ती कशी केली ते सांगू लागतो, आणि ती कोणाची म्हणून दिली होती हे विसरतो.

वर्ग सुटल्यावर चिंचेखाली मी तुम्हाला गाठले.

"ती काय म्हणाली होती?"

"आता त्याचं काय?"

"मला निरीक्षण हवे आहे, बाई. निष्कर्ष मी माझा काढीन."

"निरीक्षण म्हणे!" तुमची वर्गातली भाषा एकदम गळून पडली; चिडलात की तुम्ही गावाकडच्या बोलीत येत असा. "अगं, धाप लागलेल्या माणसाला वाक्य कुठनं सुचणार? ते मागं राहिलेल्यांनी द्यायचं असतंय. मढ्याला लुगडं आपणच नेसवतो न्हवं? मग शब्द का नेसवू नयेत?"

"लुगड्याच्या आत माणूस तोच असतो."

"आणि लुगडं न्हाय नेसवलं तर काय दिसतं, ठावं हाय तुला? मी बघितलंय. तू न्हाय बघितलंस."

तुम्ही पाठ फिरवलीत. पाहुण्यांच्या जेवणाची घंटा झाली होती. त्यानंतर बराच काळ आपण फक्त विरामचिन्हांविषयी बोललो. माझ्या पुस्तकाची प्रकरणे मी तुमच्याकडे पाठवीत असे, तुम्ही पेन्सिलीच्या खुणा करून परत पाठवीत असा. तुम्ही एका स्वल्पविरामावर खूण केली होती; मी कारण विचारले, आणि तुम्ही उत्तरादाखल दुसरी खूण केलीत. दोन शहाण्या माणसांनी एकमेकांशी अबोला धरण्याची याहून सभ्य रीत मला माहीत नाही.

मग या वर्षी तुमच्या पायांवर सूज आली, चार पावलांवर धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदयाचे नाव घेतले. तुम्ही इस्पितळात जाण्यास नकार दिलात. बोर्डिंगात स्वयंपाक करणारी निपाणीकडची ताराक्का तुमच्या खोलीत राहू लागली, आणि शाळा सुटली की मी येऊ लागले. अबोला कोणी मोडला ते आठवत नाही. बहुधा सुजेने मोडला. पाय दाबताना विरामचिन्हांवर फार वेळ बोलता येत नाही.

त्या दिवसांत तुम्ही आपले शेवटचे वाक्य तयार करीत होतात. मला हसू येई आणि हसता येत नसे.

"लिहून घे," तुम्ही म्हणालात. "‘प्रभू, दार लोटून घेऊ नकोस, मी पायरीवर आहे.’"

मी लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते रद्द केलेत. "दार नको. दार सगळीच घालतात. नुसतं ‘मी आले’ लिही." थोड्या वेळाने तेही नको झाले. "आले म्हणजे? बोलावलं हाय कुणी? आगाऊपणा दिसतो."

"बाई, तुम्ही प्रत्यक्षात काय म्हणता ते पाहू, आणि तेच लिहू."

"तुझ्यावर सोडलं तर तू नाडीचे ठोके छापशील."

"निदान ते खरे असतील."

"खरे असतील," तुम्ही म्हणालात, "पण ते बघून रडंल कोण?"

ताराक्का तांदळातले खडे निवडत होती. वर न पाहता ती म्हणाली, "बाई, तुमी आदी पेज प्या. वाक्य मागनं बी हुतंय." तुम्ही प्यालात.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या एका सकाळी, मी काही न विचारता तुम्ही सांगितलेत. ताराक्का दूध आणायला गेली होती.

"तुझ्या आईनं मला तांब्या फेकून मारला."

मी हातातले काम खाली ठेवले.

"मी तुला कडेवर घेऊन छपरीच्या दाराशी नेलं. म्हटलं, लेकराचं तोंड एकदा बघू दे तिला. राखणदाराच्या पाया पडून परवानगी काढली. तिनं तुला बघितलं आणि बोंब ठोकली. ‘आणू नगा! हिकडं आणू नगा तिला! मागं न्या, मागं!’ मी म्हटलं, अगं, एकदा बघ तरी. तर उशाचा तांब्या उचलून मारला. माझ्या नडगीवर बसला. तू हात पसरून रडत हुतीस. तिनं कूस बदलली, ती परत वळली न्हाय. सांज व्हायच्या आत गेली." तुम्हाला धाप लागली, म्हणून थांबलात. "हे छापू? आईनं लेकराला तांब्या मारून हाकललं, हे मोठेपणी तू वाचावंस? मी तुला तसंच कडेवर घेऊन परत आलो, आणि वाटंतच ठरवलं, हे न्हाय."

मला वाटते, तुम्ही माझ्या रडण्याची वाट पाहत होतात. मी विचारले, "तिला खोकला होता का?"

"काय?"

"काखेत गाठ होती, की खोकला होता, बाई? आठवून सांगा."

"खोकला हुता. रगत पडत हुतं."

"मग तिचे बरोबर होते."

गाठीचा प्लेग पिसवांनी येतो, खोकल्याचा श्वासाने येतो. तशा रोग्याच्या तोंडाजवळ मूल नेणे म्हणजे काय, हे मला आज पुस्तकांतून माहीत आहे. तिला ते कोणी सांगितले होते? कोणी नाही. छपरीत आपल्या शेजारी कोण कोणाच्या मागून गेले, ते तिने पाहिले असेल आणि त्यातून नियम काढला असेल. जिला एकदा माझे तोंड पाहायचे होते, तिने ते जवळून पाहिले नाही, कारण तसे पाहायचे तर मला जवळ आणावे लागले असते. त्या तांब्याने माझ्या आणि तिच्यामधले अंतर राखले, म्हणून मी आज हे लिहीत आहे. मी हे सर्व तुम्हाला सांगितले, भराभर, वर्गात सिद्धता मांडावी तसे. आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही चांगले वाक्य खोडलेत, बाई. ‘मागं न्या’ हेच वाक्य होते."

तुम्ही मान छताकडे वळवलीत. मग अगदी हळू विचारलेत, "म्हंजे मी ते एवढं... फुकटच व्हय?"

तेवढ्यात ताराक्का दूध घेऊन आली. मी उठून भांडे घेतले. उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी देईन असे वाटले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हता, आणि त्यानंतरही नव्हता.

फुकट नव्हते, बाई. मी दोन्ही बाजू तपासून हे लिहीत आहे, तुमच्या समाधानासाठी नाही. नुकत्याच वाचू लागलेल्या आठ वर्षांच्या मुलीला ‘मागं न्या, मागं’ दिले असते, तर तिने त्याचा एकच अर्थ काढला असता आणि जन्मभर तो उशाशी घेऊन निजली असती. तांब्या झेलायला वय लागते, थोडे विज्ञानही लागते. तेवढे वय होईपर्यंत मला तुमच्या ओंजळीने नेले. तुमचे वाक्य खोटे होते, आणि त्याने मला खऱ्यापर्यंत आणून पोहोचवले. पण मी मोठी झाल्यावर, पुण्याला जाताना, स्टेशनावर, तुम्ही मला खरे सांगायला हवे होते. यावर मी अजून ठाम आहे. यावर तुम्ही काय म्हणाला असता, ते मला नक्की सांगता येत नाही. काहीतरी झोंबणारे म्हणाला असता, आणि मी त्यात एक तर्कदोष काढला असता.

वादाला दोन माणसे लागतात, हे मी आजवर गृहीत धरले होते. त्याचा विचार केला नव्हता. आवारातील सर्वजण माझ्याशी फार चांगले वागतात. वचने वाचून दाखवतात, भाकरी आणून देतात, आणि मी जे म्हणेन ते मान्य करतात. काल शिक्षिकांच्या खोलीत मी मुद्दामच एक चुकीचे विधान केले. कोणी हरकत घेतली नाही. माझ्या पुस्तकाचे आंबवण्याचे प्रकरण पुरे झाले आहे. ते बरे आहे की वाईट, हे मला कळत नाही, आणि हंडा कोणाच्या डोक्यावर आहे असे विचारणारे या संस्थानात आता कोणी नाही. पुस्तक मी पुरे करीन. पण ते आता माझ्याच पसंतीस उतरेल, आणि माझी पसंती किती स्वस्त आहे, ते तुम्ही जाणत होतात.

आता अखेरची घटका.

दुपार होती. शाळेला अर्धा दिवस सुट्टी होती, कारण गावात कुस्त्या होत्या. रस्त्यावरून हलगी वाजत गेली. तुम्ही आदल्या दिवसापासून बोलला नव्हता. मी तुमची नाडी पाहत होते, ताराक्का पायाशी बसून वारा घालीत होती. एकाएकी तुम्ही माझे मनगट धरलेत. हाताला इतका जोर असेल असे वाटले नव्हते. तुम्ही उठू पाहत होतात. जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता; तो एका मुलीचा होता.

"म्हस सुटली की! धरा गं कुणीतरी... उसात शिरली!"

ताराक्काने माझ्याकडे पाहिले. त्या खोलीत म्हैस नव्हती, ऊस नव्हता. कोणती म्हैस, कोणाची, तुम्ही तेव्हा केवढ्या होतात, कोणाचा मार चुकवायचा होता, हे मला माहीत नाही, आणि विचारायला कोणी उरलेले नाही. तुमच्या डोळ्यांत भीती होती. खरे तेच सांगायचे असते तर ‘बाई, शांत व्हा, इथे म्हैस नाही’ एवढे मला म्हणता आले असते. ते अचूक झाले असते.

मी म्हणाले, "धरली, बाई. गोठ्यात बांधली."

तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलेत, कच्चा लेख पाहावा तसे.

"दावं नीट हाय?"

"नीट आहे. मी स्वतः पाहिले."

मग तुमची पकड सैल झाली. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

काल संध्याकाळी पाद्रीसाहेब स्वतः आले. मी त्यांना हे असेच सांगितले. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "पण या सदरात म्हैस?" थोडा विचार करून त्यांनी सुचवले, "म्हशीऐवजी मेंढरू घातले तर? हरवलेले मेंढरू, सापडलेले मेंढरू. वाचकाला लगेच अर्थ लागेल. साराबाईंनाही ते आवडले असते."

आवडले असते, हे खरे आहे. तुम्ही स्वतःच तो बदल केला असता, आणि ‘दावं’ काढून तिथे काय घालावे यावर एक दुपार घालवली असती. मी ‘नाही’ म्हणाले. मेंढरू नव्हते, म्हैस होती. ते गेल्यावर मी हा लेख लिहायला बसले. तो जसा आहे तसा छापावा, नाहीतर ती जागा कोरी सोडावी, एवढे मी त्यांना कळवीत आहे. त्या घटकेतील तुमचे शब्द तुम्ही उच्चारले तसेच ठेवले आहेत. तिथे रचलेले जे आहे, ते सर्व माझे आहे.